रिकाम्या वाटीचा रेशो

आमच्या धारच्या दत्तमंदिरातलं एक पद मला परत मिळवायचं होतं, आणि ते मिळवायला माझा रेशो कमी पडत होता. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कमी पडतो म्हणजे? अस्तर कमी पडतं तसा?"

बाबा शिंपी. आमचे पूर्वज दरबाराबरोबर माळव्यात आले ते तंबू आणि निशाणं शिवायला; बाबा शाळांचे गणवेश शिवतात. त्यामुळे जगात जे काही कमी पडतं ते त्यांना कापडाच्या हिशेबानेच कळतं. मी म्हटलं, "तसंच समजा." खरं तर तसं नव्हतं, पण फोनवर त्याहून जास्त समजावणं मला जमलं नाही. इथे जमवून बघतो.

मी तेव्हा देवासला कॉलेजात होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शाळा सगळी हिंदीतून झालेली. मराठी मी घरी बोलायला शिकलो आणि वाचायला आरत्यांवरून शिकलो, म्हणून आजही मी मराठी वाचताना मनातल्या मनात थोडा ठेका धरतो. कॉलेजात आमचे एक सर होते, त्यांना जुनी ध्वनिमुद्रणं जमवायचा नाद. त्यांच्या तासाला मी एकदा सांगितलं की माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात. तेवढ्यावर त्यांनी मला जवळ बोलावून एका साइटचं आमंत्रण दिलं. एवढ्या विश्वासाने कुणी मला काही दिल्याची ती पहिली वेळ असावी. मी घरी फोन करून सांगितलं की सरांनी मला सभासद केलं. आईने देवापुढे साखर ठेवली. कशाचा सभासद, हे तिने विचारलं नाही.

ती साइट म्हणजे खासगी टॉरंट ट्रॅकर. दुकानात कधी न मिळालेली मुद्रणं तिथे असत: कुणाच्या घरची मैफल, जत्रेतला गवई, देवळातलं भजन. गंमत अशी की साइटकडे स्वतःचं एकही गाणं नसतं. गाणी असतात सभासदांच्या कॉम्प्युटरांवर. तुम्ही एखादं मागितलं की ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्याकडून त्याचे तुकडे तुमच्याकडे येऊ लागतात, आणि आलेले तुकडे तुम्ही लगेच पुढच्याला द्यायचे. साइट मध्ये बसून एवढंच बघते की कुणी किती घेतलं आणि कुणी किती दिलं. या दोन्हींचं प्रमाण म्हणजे रेशो. घेतलं तेवढंच दिलं तर रेशो एक. एका मर्यादेखाली गेलात की नुसतं देता येतं, घेणं बंद.

नियम मला मनापासून पटला. अडचण आमच्या नळाची होती. देवासच्या आमच्या खोलीवर घरमालकांचं एकच इंटरनेट होतं आणि त्यावर सगळं घर जगत होतं. घेताना ते नर्मदेसारखं उतरायचं आणि देताना गळक्या नळासारखं ठिबकायचं. त्यात मी पहिल्या पंधरवड्यात लग्नघरात शिरलेल्या पोरासारखा दिसेल ते घेतलं होतं. रेशो मर्यादेखाली गेला आणि घेणं बंद झालं. आणि नेमकं त्याच आठवड्यात मला ते पद सापडलं.

मी सहज म्हणून शोधात आपल्या गावाचं नाव टाकलं होतं. धार. एकच मुद्रण आलं. कुणी परदेशी माणूस टेपच्या काळात मांडू बघायला आला असावा. थंडीच्या दिवसांत धारला उतरला आणि आमच्या दत्तमंदिरात बसून त्याने अख्खी कॅसेट भरून नेली. साइटवर नाव होतं नुसतं 'धार, देवळातलं गाणं'. सोबत एक फोटो. फोटोत आमच्या मंडळाचे बुवा, काळ्याभोर मिशांचे, आणि मागे खांबाला टेकून बसलेला एक मुलगा. तो मुलगा बाबा होते.

बुवा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात पहिल्यांदाच बाबांना पखवाज सोडून पुढे बसायला, म्हणजे पद उचलायला सांगितलं होतं. जन्माच्या आधी म्हणायचं एक पद आमच्या मंडळात पिढ्यान्‌पिढ्या आहे. शब्द सगळ्यांना पाठ, पण चाल हरवलेली. मधल्या काळात तरुण मंडळी यावीत म्हणून बुवांनीच ते एका हिंदी सिनेमाच्या चालीवर बसवलं होतं. तरुण आले नाहीत आणि चाल मात्र राहिली. बाबांनी मंडळाला सांगून टाकलं होतं, "म्हणेन तर जुन्या चालीत. नाहीतर मी आपला पखवाजावर बरा." मग जुनी चाल कुठली, यावर बैठक झाली. जितके म्हातारे होते त्याहून एक चाल जास्त निघाली.

सप्ताह दीड महिन्यावर होता. फोटोत बुवांपुढे जन्माचा पाळणा सजलेला होता, म्हणजे जुनी चाल त्या कॅसेटमध्ये असणार. आणि माझा रेशो अस्तरासारखा कमी पडत होता.

माझा खोलीतला सोबती सरदारपूरचा. मला आमंत्रण मिळालं तसं काही दिवसांनी मीही एक आमंत्रण देऊ शकत होतो, ते मी त्याला दिलं होतं. आमच्याकडे चांगली गोष्ट मिळाली की शेजारच्याला बोलवायची पद्धत आहे, त्यात विचार कसला करायचा? तो चहातसुद्धा शेव टाकून खाणारा, उघड्या मनाचा मुलगा. माझं तोंड बघून म्हणाला, "क्या हुआ भिया, मुँह काहे उतरा हुआ है?"

मी सांगितलं.

"बस? अरे भिया, इसका तो इलाज है." त्याने कुठूनतरी एक प्रोग्रॅम आणला होता. हा प्रोग्रॅम काही देत नाही. तो नुसता साइटला जाऊन सांगतो की मी एवढं दिलं, मी तेवढं दिलं.

"म्हणजे खोटं?"

"खोटा क्यों? किसी का कुछ गया क्या?"

"मला नको," मी म्हटलं. "सरांनी दिलंय हे."

"तेरे सर तेरा रेशो देखने आएँगे?"

"आले तर?"

"तू रहने दे. मास्टरों का लाड़ला," असं म्हणून त्याने तो प्रोग्रॅम स्वतःच्या खात्यावर लावला. सकाळी त्याचा रेशो माझ्याहून वाईट होता. दुपारच्या चहापर्यंत तो साइटवरच्या मोठमोठ्या दात्यांच्या पंगतीत जाऊन बसला. खिडकीत उभा राहून म्हणाला, "देख भिया, सरदारपूर का सेठ!"

सेठगिरी पुढच्या दिवशी संपली. त्याने म्हटलं होतं की अमुक मुद्रण मी इतक्यांना दिलं, पण त्या वेळात ते मुद्रण घेणारं कुणी नव्हतंच. लग्नात भरभरून पंगती वाढल्या म्हणून सांगावं आणि मांडवात जेवायला एकही माणूस नसावा, तसं झालं. घेणारे आपण घेतलं असं सांगतात, देणारे आपण दिलं असं सांगतात. दोन्ही जुळलं नाही की साइटला कळतं. त्याचं खातं बंद.

आणि माझंही.

साइटचा कारभार बघणाऱ्या कुणा मॉडरेटरचा निरोप आला. इंग्रजीत, थंड, पाणी शिंपडल्यासारखा. दोन्ही खाती एकाच इंटरनेटवरून चालतात, एकाचं आमंत्रण दुसऱ्याने दिलेलं आहे, तेव्हा ही दोन माणसं नसून एकच आहे असा आमचा समज आहे. काही सांगायचं असल्यास सांगा.

मी उत्तर लिहिलं. एका घरात एकच इंटरनेट असतं, जसा एकच नळ असतो, असं समजावलं. त्यावर उत्तर आलं की हे सगळेच सांगतात.

यावर मी काय करणार? मी ते उत्तर सोबत्याला दाखवलं. तो म्हणाला, "भिया, तेरे बाबूजी वाला गाना भी गया क्या?"

"गेलं."

तो बराच वेळ शेवेचा डबा उघडझाक करत बसला. मग म्हणाला, "तू बाहर जा. पोहे खा के आ. मेरे को लिखना है."

"काय लिहितोस?"

"तू जा ना यार. तू यहाँ खड़ा रहेगा तो बोलेंगे तूने लिखवाया."

मी पोहे खाऊन आलो. त्याने काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. नंतर मॉडरेटरनेच त्याच्या पत्रातला एक भाग मला पाठवला. त्यात होतं, "लबाडी माझी आहे, माझं खातं कायमचं बंद करा. या मुलाला यात ओढू नका. हा ढाब्यावर जेवून उठताना टेबल स्वतः पुसून ठेवतो. असा माणूस कुठे लबाडी करणार? आणि मी? मला तर त्याची ती टेबल पुसायची सवय बघून रोज लाज वाटते."

मॉडरेटरने खाली लिहिलं होतं: "तुम्ही दोन माणसं आहात हे मी मान्य करतो." माझं खातं उघडलं, पण अट होती. रेशो मर्यादेच्या वर येईपर्यंत काहीही घेता येणार नाही. तो खरोखर दिल्यावरच वर येईल.

पण देणार काय? माझ्याकडे जे होतं ते सगळं तिथूनच घेतलेलं, आणि ते द्यायला माझ्याहून मोठ्या नळांचे लोक आधीच बसले होते. सप्ताह आता तीन-चार आठवड्यांवर आला. मी शनिवारी बस पकडली, इंदूरला बदलली आणि धारला घरी आलो.

आई स्वयंपाकघरात शेजारची वाटी हातात घेऊन डबे धुंडाळत होती. शेजारणीने सकाळी त्या वाटीतून गाजराचा हलवा पाठवला होता.

"वाटीत घालायला काही सापडेना," आई म्हणाली. "लाडू संपले, चिवडा तुझ्या डब्यात भरलाय."

"तशीच दे ना. धुतलीस ना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की कॉलेजात शिकवतात तरी काय. "रिकामी वाटी परत देतात होय? काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. साखर नसली तर दारातली दोन फुलं. रिकामी नाही धाडत."

मी पाटावर बसून तिला रेशोची सगळी कथा सांगितली. तिला ती लगेच कळली, इतकी की बाबांना सांगताना मला इतकी सोपी करता आली नव्हती. सोबत्याच्या प्रोग्रॅमवर तर ती पदर तोंडाला लावून हसली. "म्हणजे रिकामी वाटी झाकण घालून पाठवली म्हणायची! आणि झाकण उघडल्यावर?"

"उघडलंच त्यांनी."

"उघडणारच." मग डब्याच्या तळाशी तिला थोडे शेंगदाणे मिळाले, त्यात गुळाचा खडा टाकून तिने वाटी भरली. "आणि तू काय घालणार आहेस तुझ्या वाटीत?"

"तोच तर प्रश्न आहे ना. माझ्याकडे काय आहे?"

"त्या गोऱ्या माणसाकडे तरी काय होतं?" आई म्हणाली. "आपल्याच देवळात बसून भरून नेलं ना त्याने?"

तेवढं बोलून ती वाटी द्यायला निघून गेली. मी पाटावरून उठलो. मग बाबांना दुकानात जाऊन विचारलं की आज मंडळ बसेल का.

"शनिवारी? आपलं गुरुवारी असतं."

"माझ्यासाठी बसतील?"

बाबांनी बाहीला टाचणी लावता लावता विचार केला. "चहा सांगितलास तर बसतील."

संध्याकाळी दिव्याच्या वेळेला सगळे बसले. मी मोबाइल सभामंडपाच्या कोनाड्यात ठेवला. हे कुठेतरी परदेशात लोक ऐकतील म्हटल्यावर टाळवाले काका म्हणाले, "आमचं? त्यांना झोप येत नाही वाटतं तिकडे."

"विकणार नाहीस ना?" पेटीवाल्यांनी विचारलं.

"विकायचं नसतंच तिथे काका. नुसतं द्यायचं असतं."

"मग देवाचं नाव आहे, जाऊ दे." आणि ते गायले. चार अभंग, एक गौळण, आणि टाळवाल्या काकांनी आपल्या मालवी शेजाऱ्यांकडून उचललेलं एक भजन. मध्ये एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली. पहिल्या अभंगापर्यंत सगळे कोनाड्याकडे बघून गात होते, मग विसरले.

देवासला परतून मी ते चढवलं. नळ ठिबकत होता, पण या वेळी ते माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हतं, म्हणून ज्याला हवं त्याला माझ्याच नळाखाली भांडं धरावं लागलं. पहिलं भांडं सरांचं. मी संकोचून त्यांना गाठलं, "सर, माझा रेशो वाढावा म्हणून नका हं घेऊ."

"मी ऐकायला घेतलं," सर म्हणाले. "आणि ऐकलं. दुसऱ्या अभंगात पखवाज पुढे पळतोय. वडिलांना सांग."

मग हळूहळू कुठून कुठून माणसं आली. एकाने गौळणीचा अर्थ विचारला, एकाने विचारलं की मध्ये वाजणारं ते वाद्य कोणतं. ती स्कूटर होती. रेशो मुंगीच्या चालीने वर सरकला, आणि सप्ताहाला आठवडा उरला असताना मर्यादा ओलांडून गेला. मी धारच्या कॅसेटवर बोट ठेवलं. सोबती मागे उभा होता. म्हणाला, "आया क्या भिया?"

यायला लागलं होतं, पण कसं? ती कॅसेट जगात एकाच माणसाकडे होती आणि तो त्याच्या सवडीने कॉम्प्युटर लावायचा. शिवाय टॉरंटमध्ये तुकडे क्रमाने येत नाहीत. आधी शेवटच्या टाळ्या आल्या. मग नुसती शांतता. मग एक खोकला. तो मी फोन स्पीकरला लावून बाबांना ऐकवला.

"थांब! परत लाव," बाबा म्हणाले. मी परत लावला. "बुवा! बुवांचाच. ते पद उचलायच्या आधी असेच खोकायचे." पलीकडून आईला हाक: "अगं, ऐकलंस का, बुवा खोकताहेत!" पदाचा अजून एक सूरही आलेला नव्हता, आणि दुकानातलं शिवणयंत्र थांबलं होतं.

दोन दिवसांनी तिसरं कडवं आलं, अखंड. बाबांनी ते फोनवर इतक्यांदा ऐकलं की माझ्या सोबत्यालाही ते पाठ झालं आणि तो ते आंघोळीला जाताना गुणगुणू लागला. पण तिसरं कडवंच. ध्रुपदाचा, म्हणजे दर कडव्यानंतर परत येणाऱ्या ओळीचा, पत्ता नाही. आणि ध्रुपदावाचून पद म्हणजे बाह्या शिवून तयार, पण सदराच नाही.

पौर्णिमेच्या दिवशी मी धारला पोचलो तेव्हाही ध्रुपद आलेलं नव्हतं. तिकडच्या माणसाचा कॉम्प्युटर दोन दिवस बंद होता. मंदिर भरलं. जन्माची वेळ जवळ आली. बाबा पांढरा सदरा घालून, पखवाज दुसऱ्याकडे देऊन, पुढे बसलेले. की नुसते बसलेले? कारण त्यांनी अजून मंडळाला हो म्हटलं नव्हतं. त्यांनी गर्दीतून माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल बघितला आणि मान हलवली. नाही.

बाबांचा हात पखवाजाकडे गेला. परत द्या म्हणणार, असं मला वाटलं. पण हात मांडीवर परत आला. ते पेटीवाल्यांना हळूच म्हणाले, "काळी दोनचा सूर द्या. आणि मी तिसऱ्या कडव्यापासून उचलतोय."

"तिसऱ्या? अहो, आणि ध्रुपद?"

"बघू."

असं कुणी पद म्हणतं का? पण त्यांनी तिसरं कडवं उचललं, बुवांच्या चालीत, अगदी तसं. मंडळ गोंधळलं. टाळ दोन मात्रा मागे पडले, मग सापडले. कडवं शेवटच्या ओळीला आलं. आता ध्रुपदावर उतरायचं, आणि उतरायला पायरी नाही. बाबा ओळीच्या शेवटी थांबले, आवाज तसाच धरून.

आणि टाळवाले काका उतरले. त्यांच्यामागे पेटीवाले, खांबाजवळचे दोघे, दाराशी उभे असलेले एक आजोबा. बैठकीत ज्यांच्या प्रत्येकाची चाल वेगळी होती ते सगळे एकाच ध्रुपदावर, एकाच वेळी उतरले. बाबा सर्वांत शेवटी त्यांना मिळाले. मला वाटतं ध्रुपद त्यांच्यात होतंच; नुसतं विचारल्यावर सापडत नव्हतं, तिथपर्यंत चालत यावं लागत होतं.

मग पहिलं कडवं, दुसरं, परत तिसरं. पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला. आई बायकांत उभी होती, तिने मला लांबूनच हाताने विचारलं, भरलं का? म्हणजे मोबाइलमध्ये. मी मान हलवली. या वेळी हो.

उरलेली कॅसेट त्यानंतर दोन-तीन दिवसांत पूर्ण उतरली. ध्रुपद जवळजवळ तेच होतं. एका ठिकाणी बुवा वर जातात, तिथे आमचे लोक वर न जाता पुढे गेले. बाबा म्हणाले, वयं झाली आता सगळ्यांची, राहू दे तसंच.

त्या संध्याकाळचं पद मी जुन्या कॅसेटच्या शेजारी चढवून ठेवलं. सोबत्याने ते माझ्याच मोबाइलवर ऐकलं आणि तिसऱ्या कडव्याला म्हणाला, "ये तो अपना वाला है." चार दिवसांनी बघतो तर ज्या एकट्या माणसाकडे ती जुनी कॅसेट होती, तोच आमचं नवं मुद्रण घेत होता. त्याचं घेऊन झाल्यावर मी बाबांना फोन केला.

"पूर्ण घेतलं त्याने?"

"पूर्ण. पण बाबा, त्यात सुरुवातीला कुणीतरी खोकलंय. ते मी काढून टाकायला हवं होतं का?"

पलीकडे यंत्राचा आवाज थांबला. "अरे, तो मीच," बाबा म्हणाले. "असू दे. पुढच्यांना ओळखायला बरं."